शास्त्रीबुवांचे चिनी मातीचे दात

सखारामशास्त्र्यांना कोणतीही बातमी सांगायची तर एकच रीत होती. आधी वाईट ते सांगायचे. बातमी चांगली असली तरी तिच्यातले वाईट शोधून ते पहिल्यांदा त्यांच्यापुढे ठेवावे लागे, नाहीतर पुढचे त्यांच्या कानात शिरतच नसे. माझ्या थोरल्याची मुंज ठरली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी पोथी मिटली, मांडी सावरली आणि म्हणाले, “बळवंतराव, आधी वाईट ते सांगा.” मुंजीत वाईट काय सांगणार? जरा विचार करून मी म्हणालो की आचारी अजून मिळालेला नाही. तेव्हा कुठे त्यांनी पेढा हातात घेतला.

आमचे घर ठाण्यात, तळ्यामागच्या आळीत. मधली भिंत एकच. पलीकडे शास्त्रीबुवा आणि यमुनावहिनी. त्यांना मूलबाळ नव्हते. मी कलेक्टर कचेरीत कारकून. इंग्रजी येत होते आणि कामे एकाखाली एक लिहून एकेक खोडत जायची सवय होती, म्हणून आळीतल्या पुष्कळांची अडलेली कामे माझ्याकडे येत. सर्वांत जास्त शास्त्रीबुवांची, कारण त्यांची कामे अडण्याआधीच त्यांना ती अडलेली दिसत.

विहिरीचा काठ, मोकळे बैल, दुसऱ्याच्या घरी आलेली तार, पायरीवर सांडलेले तेल, ह्या सगळ्यांची त्यांना धास्ती. कल्याणला जायचे असले की गाडीच्या कितीतरी आधी ते स्टेशनात जाऊन बसत आणि गाडी आली की ती कल्याणलाच जाणार ना, हे आधी गार्डाला आणि मग खात्रीसाठी एखाद्या उतारूला विचारीत. खाडीचा पूल आला की डोळे मिटून रामरक्षा सुरू. पूल संपल्याचे मी सांगायचे. एकदा मी गंमत म्हणून उशिरा सांगितले, तर रामरक्षा तीनदा झाली होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, “जास्त झाली तर वाया थोडीच जाते?”

हाच माणूस व्यासपीठावर बसला की मात्र कुणी वेगळाच होई. समोर बायका वाती वळत बसलेल्या, मागे म्हातारे भिंतीला टेकून डुलणारे, आणि शास्त्रीबुवांचा आवाज असा स्वच्छ की शेवटच्या ओळीतल्या बहिऱ्या आजीलाही मान हलवावी लागे. ध्रुवाची कथा सांगताना त्यांनी रडवले नाही अशी बाई ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडली नसती.

पुराण झाले की विडा. घरी आले की काढा. ह्या काढ्यात आले, ज्येष्ठमध, गवती चहा आणि शेवटी वहिनींच्या हाताने चिमूटभर खरा चहा पडे. त्याला चहा म्हणायचे नाही, असे त्या घरात ठरलेले होते. त्या काळी आमच्याकडे चहा पिणारा म्हणजे अर्धा बाटलेला. काढा मात्र औषध. विडा आणि काढा ह्या दोहोंनी शास्त्रीबुवांचे दात जुन्या पितळेच्या भांड्यासारखे झाले होते, आणि कुणाचेच त्याहून वेगळे नसल्यामुळे ते कुणाला दिसत नव्हते.

एका माघात न्हाणीच्या दगडावरून ते घसरले. विहिरीच्या काठाची भीती बाळगणारा माणूस घरच्या न्हाणीत पडला. वरचे समोरचे दोन दात गेले आणि शेजारच्या सुळ्याला आडवी खाच पडली. ओठाची सूज उतरल्यावर त्यांनी पोथी उघडून एक श्लोक म्हणून पाहिला. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. वारा फुटक्या खिडकीतून यावा तसा तो श्लोक येत होता. त्यांनी पुन्हा म्हटला, पुन्हा तसाच आला. मग पोथी मिटल्याचा आवाज आला आणि ते उठून गेले.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. बोलले थोडेच. आषाढातल्या एकादशीला कल्याणात दामोदरशेटांकडे चातुर्मासाचे पुराण बसायचे होते. दामोदरशेट तांदूळ आणि हिरड्याचे मोठे व्यापारी. त्यांच्याकडचा चातुर्मास हा शास्त्रीबुवांचा वर्षाचा आधार होता आणि मानही. ते घर गेले तर त्याच्याकडे पाहून बोलावणारी बाकीची घरेही गेली असती.

मुंबईत कोटामध्ये, म्हणजे फोर्टात, एक साहेब दात बसवून देतो, हे मला कचेरीत कळले होते. शास्त्रीबुवांना ते सांगताना मी आधी वाईट सांगितले: साहेब, त्याची बोटे, आणि दात कशाचे असतील ते माहीत नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “कुणाला कळता कामा नये. कळलं तर त्या तोंडचं पुराण कोण ऐकेल?” ही भीती मात्र उगाच नव्हती. कल्याणातल्या एका भिक्षुकाने साहेबी दवाखान्यातले औषध बाटलीतून घेतले म्हणून त्याला श्राद्धाला बोलावणे बंद झालेले आम्ही दोघांनी पाहिले होते.

मुंबईला जायच्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली आणि पुढचे सगळे त्यातून निघाले. परक्या माणसापुढे तोंड उघडायचे तर ते स्वच्छ हवे, म्हणून पहाटे उठून कोळशाची पूड आणि मीठ घेऊन त्यांनी दात घासले. साधे घासले नाहीत. वहिनी घंगाळ घासत तसे घासले. हिरड्यांतून रक्त आले, पण दात उजळले.

साहेब सभ्य होता. शास्त्रीबुवांनी माझ्याकडून त्याला पहिला प्रश्न विचारवला तो हाडाचा. साहेब म्हणाला, हाड नाही. दात चिनी मातीचे, बशीसारखे भाजलेले, आणि टाळूची पट्टी रबराची, म्हणजे झाडाच्या चिकाची. शास्त्रीबुवांनी तोच प्रश्न थोड्या वेळाने दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारायला लावला. उत्तर तेच आले. मग साहेबाने एक खण उघडला. त्यात निरनिराळ्या रंगांचे दात ओळीने मांडलेले होते, पांढऱ्यापासून पार मक्याच्या दाण्यापर्यंत. एकेक दात तो शास्त्रीबुवांच्या दातांशेजारी धरून पाही. त्या दिवशीच्या घासलेल्या दातांशी जो जुळला, तो अर्थात बराच पांढरा होता.

तसे दोन दात त्याने काढता-घालता येणाऱ्या पट्टीत बसवून दिले आणि सुळ्याची खाचही भरून दिली. काचेवर पांढरी पूड आणि कसलासा रस कालवून त्याने खिडकीच्या काचेला लावतात तशी लांबी केली आणि खाचेत दाबली. ती दगडासारखी वाळली. निघताना त्याने बजावले की चहा, कॉफी, दारू आणि पान ह्यांनी डाग पडतील, जपा. मी ते मराठीत लिहून घेतले. शास्त्रीबुवांनी त्यातला ‘दारू’ हा शब्द मला खोडायला लावला. कागद कुणाच्या हाती पडला तर? दोन टवके उडालेले दात आणि काचेवर उरलेल्या लांबीच्या सुकलेल्या गोळ्या मी साहेबाकडून मागून घेतल्या. पुढेमागे उपयोगी पडेल ती वस्तू मी सोडत नाही.

घरी येऊन त्यांनी सचैल स्नान केले, आणि मग श्लोक म्हणून पाहिला. तो पूर्वीसारखा आला. भिंतीअलीकडे माझ्या बायकोने डोळे पुसले.

सुख महिनाभर टिकले. विडा आणि काढा चालूच होते. त्यांचे स्वतःचे दात हळूहळू पुन्हा पितळेचे झाले आणि चिनी मातीचे दोन मात्र पहिल्या दिवशीसारखेच राहिले. अंधाऱ्या माजघरातसुद्धा ते दोनच दिसत. सुळ्यातल्या लांबीने तिसराच रंग धरला, चिखलात पडलेल्या खडूसारखा. शास्त्रीबुवा आरसा घेऊन खिडकीशी बसू लागले. उपरण्याचा पदर तोंडाशी धरून बोलू लागले. आळीत कुणी हसले की आपल्यालाच हसले असे त्यांना वाटे.

एक दिवस ते म्हणाले, “बळवंतराव, हे दोन मळत का नाहीत?”

लोक दात मळतात म्हणून रडतात, हे न मळल्याने काळजीत. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. आषाढ जवळ येत होता. मी म्हटले, तोंडात प्रयोग नको, बाहेर करू. साहेबाचे टवके उडालेले दात आणि लांबीच्या गोळ्या होत्याच. त्यांच्या माजघराच्या कोनाड्यात आम्ही चार वाट्या मांडल्या. एकीत काढा, खऱ्या चहाची चिमूट वाढवून. दुसरीत आमच्या घरची कॉफी, तीही औषध म्हणूनच आणलेली. तिसरीत कोकमाचे आगळ. चौथीत पानाचा कात कालवलेले पाणी. दात दोनच असल्यामुळे ते आलटून पालटून भिजवायचे आणि गोळ्या प्रत्येकीत एकेक. वाट्यांवर झाकण, मुंग्यांसाठी खाली पाण्याची परात. शास्त्रीबुवा दिवसातून कितीदा झाकण उघडून पाहत ते विचारू नये. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, देवाला इतक्यांदा नैवेद्य दाखवला असता तर दात परत उगवले असते.”

आठवड्याने आम्ही सगळे काढून राखेने घासून पाहिले. दात कोणत्याच वाटीत हलला नाही. कातातून लाल निघाला, राखेचा हात लागताच पुन्हा बशीसारखा पांढरा. गोळ्यांनी मात्र सगळे पिऊन घेतले होते. काढ्याची पिवळट, कॉफीची तपकिरी, कोकमाची गुलाबी झाक आलेली, आणि काताची अशी की घासून झिजली पण रंग जाईना. म्हणजे जे मळायला हवे होते ते मळत नव्हते, आणि जे मळायला नको होते ते अधाशासारखे मळत होते. शास्त्रीबुवांनी दातांची जोडी तळहातावर घेतली आणि म्हणाले, “ह्यांना काही लागतच नाही हो.” त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता.

तोडगा निघाला तो वहिनींकडून. त्या काळी सवाष्णी दातवण लावीत. हिरडा आणि हिराकस ह्यांची ती पूड. दात काळेभोर करी आणि सौभाग्याचे लेणे मानली जाई. वहिनींचे दात जांभळासारखे होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्या म्हणाल्या, “आमचं दातवण थोडं पातळ लावून बघा. काळं नको, मळकट तरी होईल.”

दातवण बायकांचे. ते पुरुषाने लावायचे म्हणजे काय, ह्या विचाराने शास्त्रीबुवांनी दोन दिवस त्या पुडीला हात लावला नाही. पण एकादशी चार दिवसांवर आली आणि भीतीने लाजेवर मात केली. ते लावताना त्यांनी मला बोलावले नाही. मी कचेरीतून आलो तेव्हा यमुनावहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांचे तोंड उतरलेले होते. “भाऊजी, आत जा,” एवढेच म्हणाल्या.

ते पाटावर पाठ करून बसले होते. मला पाहून त्यांनी ओठ वर केला. चिनी मातीचे दोन दात पांढरेशुभ्र. पट्टीच्या कडेने, दात बसवलेल्या सांध्यांत, काळी रेघ उमटलेली, त्यामुळे ते अधिकच उसने दिसत होते. त्यांचे स्वतःचे दात ठिपक्याठिपक्यांचे. आणि सुळ्यातली लांबी डांबरासारखी काळी, चकचकीत. नव्या सवाष्णीच्या तोंडात शोभली असती.

“आता आधी वाईट सांगायला काही उरलं नाही,” ते म्हणाले.

पुढचा बेत त्यांचा स्वतःचा होता. दोन दात मळत नाहीत, तर बाकीचे उजळायचे. पुन्हा कोळसा आणि मीठ. पट्टीच्या कडेची रेघ सुईने कोरून काढायची. सुळा ओठाआड राहील असे बोलायचे. काढा बंद, पान बंद, कार्तिकापर्यंत. शेटांकडे दरवर्षी चार महिने मुक्काम असे. यंदा रोज गाडीने जायचे नि यायचे, म्हणजे सकाळी पट्टी काढून धुताना कुणी पाहणार नाही. तिथे जेवायचे नाही, कारण घास चावताना पट्टी हलते. बेत मला चोख वाटला. मी एकेक कलम मनात तपासले आणि एकही उणे सापडले नाही. आम्ही दोघेही एक गोष्ट विसरलो होतो.

पहिल्या दिवशी मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. शेटांच्या घराचा पुढचा सोपा भरला होता. पुराण फार चांगले झाले. आवाज तसाच, आणि दातांकडे कुणाचे लक्ष गेले नाही. मी पहिल्यांदाच पाठ टेकवली. मग शेट उठले, गंध लावले, हार घातला, आणि चांदीच्या तबकातून विडा पुढे केला.

पुराणिकाने यजमानाचा विडा सगळ्यांसमक्ष घ्यायचा आणि तिथेच तोंडात घालायचा, ही रीत. घेतला की त्या घराचा मान राखला. पहिल्या दिवशी तर सगळ्यांचे डोळे तिकडेच असतात. शास्त्रीबुवांचा हात पुढे झाला, विड्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी विड्याला दोन बोटे लावली, ती कपाळाला लावली, आणि तबक हळूच मागे सारले.

वाती वळणारे हात थांबले. दामोदरशेटांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. त्यांनी तबक खाली ठेवले नाही की परत पुढेही केले नाही, तसेच धरून उभे राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने आडोशामागून प्रसाद वाटायला सांगितले आणि लोक हलले.

गाडीत शास्त्रीबुवा म्हणाले, “त्यांना कळलं. तोंडावर दिसत होतं त्यांच्या.”

दुसऱ्या दिवशी ऐकणारे कमी झाले. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. शेट समोर बसत, पण नजर देत नसत. तबक दुरूनच चौरंगावर ठेवून जात. शास्त्रीबुवा रोज संध्याकाळी येऊन मला एवढेच सांगत की आज अमुक घरचे आले नाहीत. वहिनींनी देवाला निरांजन दुप्पट केले. मला पुढच्या आठवड्यात कल्याणच्या मामलेदारांकडे काम होते; शास्त्रीबुवा म्हणाले, त्या दिवशी तुम्ही सोबत या, बहुतेक त्या दिवशीच ते मला पुराण बंद करायला सांगतील.

आणि खरोखरच त्या दिवशी पुराणाआधी शेटांनी निरोप पाठवला, वखारीत या. शास्त्रीबुवांनी माझे मनगट धरले ते सोडलेच नाही. वखारीत तांदळाची आणि हिरड्याची पोती छतापर्यंत रचलेली. शेटांनी दार ओढून घेतले. मला बघून जरा थबकले, मग बहुधा सगळे माहीत असलेला माणूस म्हणून धरून चालले.

“शास्त्रीबुवा,” ते म्हणाले, “तुम्हांला कोणी सांगितलं?”

शास्त्रीबुवांनी उपरण्याचा पदर तोंडाशी धरला. शेटच पुढे बोलू लागले.

“मुक्काम नाही, पान नाही, जेवण नाही. माझ्या घरचं पाणीसुद्धा तुम्ही घेत नाही. सगळं गाव बघतंय. मी म्हणत नाही तुमचं चुकलं. नारायणाने स्टेशनात साहेबांच्या खोलीत बसून चहा घेतला, बिस्कुटं खाल्ली. कॉलेजातली दोन पोरं होती बरोबर. मला वाटलं होतं कुणी पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल ते प्रायश्चित्त करवतो. डोकं भादरायला लावतो, गोमूत्र घ्यायला लावतो. फक्त गावजेवणापुढे त्याला उभा करू नका. पोरगा मानी आहे. काही करून बसेल.”

नारायण हा शेटांचा एकुलता एक. मुंबईला शिकत होता.

मला क्षणभर काय सुटल्यासारखे वाटले ते सांगता येत नाही. शेटांना काहीच ठाऊक नव्हते. शास्त्रीबुवांनी नुसती मान हलवायची, किंवा ‘बरं, पाहू’ एवढे म्हणायचे. त्यांचे घर, त्यांचा मान, सगळे पूर्वीपेक्षाही पक्के झाले असते. बोलायचीही गरज नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिले.

त्यांनी माझे मनगट सोडले. उपरण्याचा पदर बाजूला केला, अंगठा आणि बोट तोंडात घातले आणि पट्टी काढून तळहातावर ठेवली. बोलले तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा त्या फुटक्या खिडकीतून आल्यासारखा होता.

“विडा मी ह्याच्यासाठी परत केला. पानाने बाकीचे दात रंगतात नि हे उघडे पडतात. मुक्काम नाही तोही ह्याच्यासाठी. जेवण नाही तेही. तुमच्या घराचं मला काहीच ठाऊक नव्हतं. पोराला एक अक्षर बोलू नका. चहा मीसुद्धा घेतो, नाव तेवढं ‘काढा’.”

दामोदरशेट तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे कशाचं?”

“चिनी मातीचं. आणि झाडाचा चीक.”

“साहेबाने बसवलं?”

“साहेबाने.”

शेटांनी दाराकडे एकदा पाहिले. मग शेट हलक्या आवाजात म्हणाले, “म्हणजे मी उगाचच सांगून बसलो.”

“ते ह्या पोत्यांतच राहील,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“तुमचंही,” शेट म्हणाले. “घाला तोंडात. बायका खोळंबल्यात.”

त्या दिवशी शास्त्रीबुवांनी विडा घेतला आणि सगळ्यांसमक्ष खाल्ला, आणि पुढे रोज घरी येऊन दात कोळशाने घासत राहिले. दोनतीन दिवसांत सोपा पुन्हा भरला. आधी शास्त्रीबुवांचे व्रत होते, ते पुरे झाले, असे शेटांनीच लोकांना सांगितले. कार्तिकात समाप्ती थाटात झाली.

वखारीच्या दिवशी परतीच्या गाडीत मी त्यांना विचारले होते, का सांगितलेत? ते म्हणाले, “मला सगळ्याचीच भीती वाटते, तुम्हांला माहीत आहे. अशा वेळी त्यातली लहान कोणती ते बघायचं. मी गप्प राहून त्या पोराने काही केलं असतं, तर ती भीती मोठी होती.” एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले, पूल आला होता.

पुढच्या आषाढात दामोदरशेटांनी नाशिकचा पुराणिक बोलावला. निरोप माझ्याकडेच आला होता, कल्याणच्या एका कारकुनाबरोबर. मी तो भिंतीपलीकडे पोचवला. शास्त्रीबुवांनी आधी वाईट सांगा म्हटले, तेव्हा मला सांगावे लागले की ह्या वेळी तेवढेच आहे. शेटांनी कुणाला काही सांगितले नव्हते, हे मी नंतर चौकशी करून पक्के केले. पण आपल्या घरातले जे बाहेर जायला नको ते जाणणारा माणूस चार महिने रोज समोर बसवून त्याच्या तोंडून धर्म ऐकायचा, हे त्यांना झेपले नसावे. त्यांच्या मागोमाग कल्याणातली बाकीची घरेही गेली. कुणी कारण दिले नाही आणि शास्त्रीबुवांनी विचारले नाही.

त्यानंतर ते कोपरीच्या देवळात पुराण सांगू लागले, आणि श्रावणात खाडीने मचव्यातून कोलशेतला जात. तिथे मिठागरावरची आगरी माणसे ऐकायला येत. एका म्हातारीने पहिल्याच दिवशी विचारले, “बुवा, तुमचे दोन दात येवरे धवले कशे?” त्यांनी तिला खरे सांगून टाकले. घरी येऊन रात्रभर त्यांना झोप लागली नाही, पण पुढच्या खेपेला म्हातारीने पोरांना पुढे बसवले होते, दात बघायला. यमुनावहिनी हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांचे ते जांभळासारखे दात मला पहिल्यांदाच सगळे दिसले.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते कल्याण स्टेशनात. माझी बदली झाली होती आणि आम्ही ठाणे सोडून काही वर्षे झाली होती. शास्त्रीबुवा एका बाकावर पोथी मांडीवर घेऊन बसले होते; कुठल्याशा खेड्यातून परत निघाले होते. खूप वाळले होते. आम्ही बोलत असता फलाटावरून एक तरुण वकील आला, पागोटे, लांब कोट, हातात कपबशी. शेटांचा नारायण. तोवर काळ बदलला होता. फलाटावर उभे राहून लोक उघड चहा पीत आणि वळूनही कुणी पाहत नसे.

त्याने शास्त्रीबुवांना ओळखले, वाकून नमस्कार केला. मग हसत म्हणाला, “शास्त्रीबुवा, आमच्याकडे यायचं का सोडलंत? आई अजून तुमचा ध्रुव आठवते. बाबा म्हणायचे, शास्त्रीबुवांना आता कल्याणचा प्रवास नको वाटतो.”

मी तोंड उघडले. शास्त्रीबुवांची बोटे माझ्या मनगटावर आली.

“खरं आहे त्यांचं,” ते म्हणाले. “तो पूल आहे ना, फार भीती वाटते.”

नारायण मोठ्याने हसला. मग त्याने बशीत थोडा चहा ओतला आणि अदबीने पुढे केला. “घ्या थोडा. आता कोणी काही म्हणत नाही.”

शास्त्रीबुवांनी बशीकडे पाहिले. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली.

“नको बाळा,” ते म्हणाले. “दातांना डाग पडतो.”

नारायणला ते फारच गमतीचे वाटले. त्याने चहा स्वतःच घेतला, पुन्हा नमस्कार केला आणि आपल्या डब्याकडे निघून गेला. शास्त्रीबुवा तो आत चढेपर्यंत त्याच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारले, बोलताना पट्टी हलली का, त्याच्या लक्षात आले नसेल ना.

मी म्हटले, नाही आले.